गिअर टाकला की ‘खट्ट’!

गाडीतून नको तो आवाज यायला लागला की आपण काय करतो? गाण्यांचा आवाज वाढवतो! मीही तेच केलं. मग एका शनिवारी बाबांनी मला चक्क जीपखाली झोपवलं...

पाच दिवस ऑफिस, शनिवारी कपडे आणि किराणा, रविवारी ‘आज कुठ्ठेही जायचं नाही’ असा पण. तुमचा वीकेंड असाच जातो ना? माझाही जायचा. त्यात मी फ्रीलान्सर. म्हणजे माझे सातही दिवस रविवार असतात, असं निदान आमच्या आईचं ठाम मत आहे. असो. सांगायचा मुद्दा हा, की गेल्या दिवाळीनंतरचा एक वीकेंड मी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सतरंजीवर उताणी पडून, नाकावर ग्रीस आणि केसांत गंज घेऊन काढला. आणि खरं सांगू? जाम मजा आली. पण त्याआधी जाम घाबरलेही.

निमित्त होतं आमची जीप. महिंद्राची सीजे थ्री-बी, १९६८ सालची. बाबांनी ती १९८९ मध्ये सरकारी लिलावात घेतली, लग्नाच्याही आधी. त्यामुळे घरात सीनिऑरिटी आधी तिची, मग आईची आणि शेवटी माझी. चासी आणि इंजिनाचे नंबर आरसी बुकातलेच, पण बाकी सगळी जुळवाजुळव. सीट एकीकडून, बंपर दुसरीकडून, आरसे जुन्या बाजारातून.

तसं बघितलं तर जीपचा आपल्याकडचा जन्मच जुळवाजुळवीतला. १९४७ मध्ये महिंद्रांनी अमेरिकन विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या मुंबईत जोडायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये तर ‘किट कार’ नावाचा अख्खा छंदच आहे. खोक्यांतून भाग मागवायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः गाडी जोडायची! १९५७ ची लोटस सेव्हन ही त्यातली सगळ्यात गाजलेली. तयार गाडीवर लागणारा परचेस टॅक्स तेव्हा सुट्या भागांवर लागत नसे, म्हणून तिकडची तरुण मंडळी वीकेंडला पाने घेऊन बसायची. आपल्याकडे हा प्रकार काही रुजला नाही. पण ज्यांच्या घरी जुनी जीप आहे, त्यांना तो न मागता मिळतो!

व्हॉल्यूम वाढवा, आवाज घालवा

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली. तेव्हापासून जीप बहुतेक वेळ कव्हरखालीच. दसऱ्याच्या सुमारास तळेगावचे एक गृहस्थ ती बघून गेले. किंमतही बरी सांगितली. बाबा फक्त म्हणाले, ‘‘दिवाळीनंतर बघू.’’

मला उगाचच भरून आलं. मी जाहीर करून टाकलं, ‘‘द्यायच्या आधी एकदा गावाला जाऊ. ताम्हिणीतून. मी चालवते.’’ आमचं गाव माणगावजवळ. लहानपणी दर मे महिन्यात याच जीपमधून जायचो.

मग मी रोज सकाळी जीप बाहेर काढायला लागले. प्रॅक्टिस म्हणून. गिअर टाकून क्लच सोडला की मागून कुठून तरी आवाज यायचा... ‘खट्ट!’ रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘खट्ट!’ हळू चालवताना चिमणीसारखं चिवचिव-चिवचिव. आणि पन्नासच्या पुढे गेलं की फ्लोअर असा थरथरायचा, की पायाला मुंग्या याव्यात. मी सोबत ब्लूटूथ स्पीकर न्यायला लागले. आवाज फुल्ल. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!

एका गॅरेजमध्ये दाखवलंही. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, पैसे घेतले आणि म्हणाला, ‘‘जुनी गाडी आहे मॅडम, एवढं चालायचंच.’’ मलाही तेच ऐकायचं होतं.

त्या संध्याकाळी मी जीप लावत होते आणि बाबा गॅलरीत उभे होते. तिसऱ्या मजल्यावर. मी वर आले तर म्हणाले, ‘‘क्रॉस गेलाय. मागच्या शाफ्टचा.’’

‘‘बाबा, तुम्ही वरून ऐकलंत?’’

‘‘पस्तीस वर्षं ऐकतोय,’’ बाबा म्हणाले. ‘‘उद्या सकाळी खाली ये. सतरंजी आण. मला वाकता येत नाही, तू झोप. मी सांगतो.’’

‘क्रॉस’ म्हणजे काय रे भाऊ?

मास कॉमच्या कुठल्याही सेमिस्टरला हे शिकवत नाहीत. त्यामुळे आधी थोडा फंडा क्लिअर करू या.

जीपचं इंजिन पुढे, पण ताकद लागते मागच्या चाकांना. मधे एक लांब लोखंडी दांडा फिरतो, तो प्रोपेलर शाफ्ट. आता गंमत अशी, की गिअरबॉक्स चासीला पक्का बसवलेला आणि मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर खालीवर नाचणारा. सरळ दांडा ठोकून बसवला तर पहिल्याच खड्ड्यात मोडेल. म्हणून दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. दोन बाजूंनी दोन चिमटे, त्यांना योक म्हणतात. मधे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, तोच ‘क्रॉस’. क्रॉसच्या चारही टोकांवर चार कप आणि प्रत्येक कपात उभ्या रचलेल्या बारीक सुया, म्हणजे नीडल बेअरिंग. यालाच म्हणायचं युनिव्हर्सल जॉइंट.

कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोचं नाव याच्याशी जोडलं जातं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने त्यावर काम केलं, म्हणून इंजिनिअर लोक त्याला आजही ‘हुक्स जॉइंट’ म्हणतात. गाडीत तो रुळवला क्लॅरेन्स स्पायसरने. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या या पठ्ठ्याने १९०३ मध्ये पेटंट मिळवलं आणि १९०४ मध्ये जॉइंट बनवून विकायलाही सुरुवात केली! तोपर्यंत बऱ्याच गाड्यांची चाकं सायकलसारखी चेनवर फिरायची.

साठच्या स्पीडला आमच्या जीपचा हा दांडा मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे मारतो. सगळा भार त्या सुयांवर. ग्रीस संपलं, पाणी शिरलं, की सुया कोरड्या पडतात. आधी चिवचिव करतात. मग क्रॉसमध्ये रुतून खाचा पाडतात. मग प्ले येतो आणि गिअर टाकला की तो प्ले एका झटक्यात भरून निघतो. तेच आपलं ‘खट्ट’!

हलवून बघ!

शनिवारी सकाळी साडेसातला मी सतरंजीवर. बाबा बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात टॉर्च. वॉचमन काका प्रेक्षक. जीप एवढी उंच, की जॅकसुद्धा लागला नाही.

‘‘आधी चाकांना ठोकळे. पुढून आणि मागून.’’ लावले. ‘‘गिअर न्यूट्रल. हँडब्रेक सोड. आता जॉइंटच्या अलीकडे एका हाताने धर, पलीकडे दुसऱ्या हाताने. पिळून बघ. मग वर-खाली कर.’’

बाबांनी सांगितलेली खूण सोपी होती. शाफ्ट आणि योक एकजीव हलले, तर तो प्ले डिफरन्शिअलच्या दातांचा. थोडा असतोच, घाबरायचं नाही. पण एक हललं आणि दुसरं जागेवर राहिलं, तर क्रॉस गेला. मी पिळलं. पुढचा जॉइंट जरासा हलला. मागचा मात्र चक्क कटकट वाजला! आणि टॉर्च मारला तर कपाच्या कडेला कुंकवासारखी लाल भुकटी.

‘‘लाल दिसतंय बाबा.’’

‘‘गंज आहे तो. आतल्या सुयांचं पीठ झालं. दोन्ही काढ.’’

सोडवण्याआधी एक महत्त्वाचं काम. शाफ्ट आणि योकवर समोरासमोर खुणा करायच्या. कारण हा सांधा जरा विचित्र वागतो. दांडा कोनात असला की पलीकडचं टोक एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हीच चूक उलटी करून हिशेब मिटवतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. मधला सरकणारा भाग एक दात इकडचा तिकडे बसला, की नवे क्रॉस टाकूनही गाडी थरथरणारच. खुणा करायला पेंट नव्हता. मी वर जाऊन माझं लाल नेलपॉलिश घेऊन आले. बाबांनी पहिल्यांदाच ‘‘शाब्बास’’ म्हटलं.

‘‘हँडब्रेक ओढलाय की!’’

नट सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून हँडब्रेक ओढला. डिफरन्शिअलच्या बाजूला दोन यू बोल्ट. गंजलेले. रॉकेल टाकून, रिंग पान्यावर लटकून, एकदाचे चारही नट निघाले. कप निसटून सुया सांडू नयेत म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि शाफ्टचं टोक खाली घेतलं.

त्याच क्षणी जीप हलली.

फार नाही, बोटभर. पुढचं चाक ठोकळ्यावर टेकलं आणि थांबलं. आमच्या पार्किंगला पावसाचं पाणी गेटकडे जावं म्हणून किंचित उतार आहे. मी किंचाळतच बाहेर सरकले.

‘‘बाबा! हँडब्रेक ओढलाय की!’’

बाबा शांत. ‘‘ओढलाय ना. पण तो ब्रेक चाकांना नाहीच. या जीपचा हँडब्रेक शाफ्टला धरतो. तिथे पुढे ड्रम दिसतोय बघ. तू शाफ्ट काढलास, आता चाकं मोकळी.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘म्हणून ठोकळे.’’

मी तशीच सतरंजीवर बसून राहिले. डोक्यात हळूहळू ट्यूब पेटत होती. ताम्हिणीचा उतार. मी सेकंड गिअरमध्ये, मागच्या सीटवर आई. जीपचा वेग आवरायला इंजिन मदत करतं, ते कशातून? याच शाफ्टमधून. तिथे मागचा क्रॉस तुटला असता तर? इंजिनचा ब्रेक गेला. हँडब्रेक गेला. तुटलेला शाफ्ट खाली हेलपाटत ब्रेकच्या पाइपला लागला असता तर तोही गेला. उरले असते फक्त जुने ड्रम ब्रेक आणि माझा पाय. आणि वर फुल्ल व्हॉल्यूममध्ये गाणी.

‘‘तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?’’ मी जरा चिडूनच विचारलं.

‘‘सांगितलं असतं तर गाडी घराबाहेर काढली नसतीस,’’ बाबा म्हणाले. ‘‘आता कळलं ना, कुठे बघायचं ते?’’

‘‘ताई, जुना आणलाय का?’’

दुपारी नाना पेठ. जुना क्रॉस पेपरात गुंडाळून पर्समध्ये, लिपस्टिकच्या शेजारी. सुट्या भागांच्या दुकानात मी ‘‘जीपचा यूजे क्रॉस’’ म्हटल्यावर काउंटरवरच्या काकांनी आधी माझ्यामागे कोणी पुरुषमाणूस आहे का, ते पाहिलं. नव्हता. ‘‘ताई, जुना आणलाय का?’’ मी पेपर सोडला. त्यांनी व्हर्नियर काढला, कप मोजला, क्रॉसची लांबी मोजली, लॉक आतलं की बाहेरचं ते पाहिलं. दिसायला सारखे पण मिलिमीटरभर वेगळे असे क्रॉस निघतात, म्हणून जुना नेल्याशिवाय जायचं नाही, हा धडा नंबर दोन.

दोन क्रॉस, ९६० रुपये. गेल्याच आठवड्यात दोन कॉफ्या आणि एका पिझ्झ्याला याहून जास्त गेले होते!

काकांनी जुना क्रॉस माझ्यापुढे धरून दाखवला. गुळगुळीत असायला हव्या त्या टोकांवर ओळीने खाचा. नखांनी ओरखडल्यासारख्या. ‘‘घाटात नेला नाहीत ना?’’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

एक सुई आडवी

रविवार. बाबांचा जुना शेगडा, म्हणजे बेंच व्हाइस, शेजारच्यांच्या वर्कशॉपमध्ये पडून होता. तिथे शाफ्ट नेला.

कृती ऐकायला पाककृतीसारखी सोपी. कपांची लॉक काढायची. शेगड्यात एका बाजूला लहान गोटी, दुसऱ्या बाजूला मोठी गोटी धरून दाबायचं. लहान गोटी कपाला ढकलते आणि समोरचा कप मोठ्या गोटीत जाऊन बसतो. मग उलट बाजूने तसंच. चारही कप निघाले की क्रॉस बाहेर. योकची भोकं आणि लॉकच्या खाचा ब्रशने लख्ख करायच्या. नव्या कपात सुया उभ्या आहेत ना ते बघून ग्रीसने त्या चिकटवायच्या. ग्रीस निप्पल अशा बाजूला यायला हवं, की नंतर ग्रीस गन पोहोचेल. मग कप दाबायचे, लॉक बसवायची. झालं!

कसलं झालं? पहिल्या क्रॉसचा तिसरा कप आत जाईचना. लॉकची खाच जेमतेम अर्धी दिसत होती. मी हातोडी उचलली.

‘‘थांब,’’ बाबा म्हणाले. ‘‘जोर लावायचा नाही. आत एक सुई आडवी पडलीय.’’

‘‘कशावरून?’’

‘‘कप जात नाही त्यावरून.’’

पुन्हा सगळं उघडलं. आणि खरंच, कपाच्या तळाशी एक सुई आडवी! ठोकला असता तर नवाकोरा क्रॉस पहिल्याच दिवशी कामातून गेला असता. किंवा त्याहून वाईट, लॉक अर्धवट बसलं असतं आणि रस्त्यात कप निसटला असता. सुई उभी केली. या वेळी कप अलगद आत गेला आणि लॉक ‘टिक्’ करून बसलं. आयुष्यात काही आवाज ऐकायला फार गोड लागतात, त्यातला हा एक.

शेवटी योकवर हातोडीने हलकेच दोन टोले, म्हणजे जखडलेला जॉइंट मोकळा होतो. चारही दिशांना हाताने फिरवून पाहिला. ना अडकत होता, ना हलत होता. नेलपॉलिशच्या खुणा जुळवून शाफ्ट चढवला, ग्रीस भरलं, नट आवळले. संध्याकाळी सहा वाजता गिअर टाकला, क्लच सोडला... आणि काहीच नाही. शांतता! वॉचमन काकांनी टाळ्या वाजवल्या.

ताम्हिणी

पुढच्या शनिवारी निघालो. पौडपर्यंत ट्रॅफिक, मुळशीला चहा-भजी. घाटमाथ्यावर मी थांबले, खाली वाकून एकदा शाफ्टवर टॉर्च मारला आणि चारही नटांना पाना लावून पाहिला. आई म्हणाली, ‘‘अगदी बाबांसारखं करतेस हं.’’

उतार लागला. सेकंड गिअर. स्पीकर आणलाच नव्हता. इंजिनाचा घुमणारा आवाज, टायरचा आवाज, दरीतून येणारा वारा, बस्स. बाबा शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. आईला वाटलं झोपले. मला माहीत होतं, ऐकताहेत.

गावात पोचलो, जीप अंगणात लावली. बाबा काठी टेकत उतरले, मागे गेले, चाकाला हात लावून पाहिला.

‘‘डावीकडचं बेअरिंग. जरा गरम आहे. बारीक गुणगुणतंय, ऐकलंस?’’

खरं सांगते, ऐकलं होतं. वळणावर जरा वाढत होतं. मी मान डोलावली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तळेगावचे गृहस्थ. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘नाही हो, आत्ता नाही जमणार. गाडीचं जरा काम निघालंय.’’

चौकट : तुमच्या गाडीचं काय?

• पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत क्रॉसऐवजी सीव्ही जॉइंट असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना ‘कट-कट-कट’ आलं, तर चाकाजवळचा जॉइंट दाखवून घ्या.

• सीव्ही जॉइंटवर रबरी बूट असतो. तो फाटला की ग्रीस उडून जातं आणि धूळ आत शिरते. सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की स्वतः वाकून बघा. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटलाय. वेळेवर बदलला तर जॉइंट वाचू शकतो.

• मागची चाकं ओढणाऱ्या एसयूव्ही, पिकअप आणि जीपमध्ये क्रॉस असतो. ग्रीस निप्पल असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगला ग्रीस भरायला सांगा. चिखलपाण्यातून आल्यावर तर नक्कीच.

• गिअर टाकताना ‘खट्ट’, हळू जाताना चिवचिव, वेगात थरथर. तिन्ही एकत्र आली तर घाटात जाऊ नका. आधी शाफ्ट हलवून बघायला सांगा.

• इलेक्ट्रिक गाडी घेतलीत म्हणून सुटका नाही. मोटरची ताकद चाकापर्यंत न्यायला तिथेही साधारणपणे ड्राइव्हशाफ्ट आणि सीव्ही जॉइंटच असतात.

• गाडीखाली जाण्याआधी चाकांना ठोकळे. गाडी उचलली असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, पक्की घोडी लावा. हँडब्रेक ओढला असला तरी!